मुंबई महापालिका २०१७ : ८४, ८२ आणि एक चिठ्ठी

जुना_गिरगावकर
२० फेब्रुवारी २०१७, रात्री १०:४०

(शीर्षक नंतर बदललं आहे. आधी नुसतं 'उद्या मतदान' होतं.)

काल संध्याकाळी भोंगे बंद झाले आणि महिन्याभरात पहिल्यांदा कळलं की आमचा पंखा आवाज करतो.

२६ जानेवारीला गोरेगावात उद्धव ठाकरेंनी शिवसेना-भाजप युती तुटल्याचं सांगितलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून चौघे बाहेर पडले. दोघे परत आले, पण एकमेकांच्या 'शुभ सकाळ'ला उत्तर देत नाहीत. राज्यात मांडीला मांडी लावून बसलेले दोन पक्ष मुंबईत एकमेकांची उणीदुणी काढतायत. एकीकडून 'पारदर्शकता', दुसरीकडून 'डिड यू नो?'चे फलक. राज ठाकरेंनी बाळा नांदगावकरांना मातोश्रीवर धाडून पाहिलं, हाती काही लागलं नाही. काँग्रेसचं तर मुंबई अध्यक्ष संजय निरुपम आणि पक्षातलेच गुरुदास कामत यांच्यातच मतदान चालू आहे.

पण धागा त्यासाठी काढलेला नाही. टीव्हीवर तेच चाललंय. मला तुमच्या प्रभागाबद्दल ऐकायचंय. कोण उभं आहे, पाच वर्षांत कोण दिसलं, गटाराचं झाकण कोणी बसवलं.

माझी गोची अशी की राहतो दहिसरला, नाव गिरगावच्या यादीत. चाळ पाडली, भाडं घेऊन इकडे आलो, 'तीन वर्षांत टॉवर' म्हणाले होते. तिथे अजून पत्रे ठोकलेत. उद्या चर्नी रोडपर्यंत जायचं का, ते ठरत नाहीये.

मीनल_ठाणे
२० फेब्रुवारी, रात्री ११:०२

तुम्हाला एक बटण तरी सरळ दाबायचंय. आमच्याकडे चारचा प्रभाग. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेळा बटण. सासूबाईंना दोनदा समजावलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "पाणी नाही आलं तर चौघांपैकी शिव्या कुणाला घालायच्या?" मला उत्तर देता आलेलं नाही.

खाडीपलीकडला
२० फेब्रुवारी, रात्री ११:१०

चौघांनाही घालायच्या. प्रभाग पद्धतीचा तोच तर फायदा आहे.

(आमची नवी मुंबई २०१५ लाच उरकली, त्यामुळे मी इथे निव्वळ करमणुकीसाठी.)

आकडेमोड्या
२० फेब्रुवारी, रात्री ११:४५

गिरगावकर, तुमची चाळ पाडली ही एकट्या तुमची गोष्ट नाही, ती या निवडणुकीच्या नकाशात बसलेली आहे. एकूण प्रभाग २२७च राहिले, पण नव्या जनगणनेनुसार फेररचना झाली तेव्हा शहर भागातले सात कमी झाले. आता शहरात ५६, पश्चिम उपनगरात १०२ आणि पूर्व उपनगरात ६९. म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन या पट्ट्याचं वजन सात नगरसेवकांनी घटलं आणि ते बोरिवली, दहिसर, मुलुंडकडे सरकलं. गिरगाव, लालबाग, परळमधून जो माणूस विरारच्या गाडीत बसला, त्याच्या मागोमाग प्रभागही गेला.

सेनेचा जुना आधार शहरातल्या चाळी. भाजपचा नवा आधार उपनगरातल्या सोसायट्या. निकाल वाचताना हे डोक्यात ठेवा.

फटकळ
२१ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

चाळकरी तेवढे सेनेचे आणि सोसायटीवाले तेवढे भाजपचे, असं असतं तर निवडणूक कशाला, शिरगणतीच पुरे होती. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत येऊन बघा.

असो. पाच मिनिटांत मत देऊन आलो. रांगेत माझ्या पुढे तिघे, तिघेही सत्तरीपुढचे.

परळची_पोर
२१ फेब्रुवारी, दुपारी १:२०

आमच्याकडे सावळागोंधळ. आई-बाबा चाळीस वर्षं एका दहा बाय बाराच्या खोलीत राहतात, यादीने दोघांची ताटातूट केली. आईचं नाव नेहमीच्या शाळेत, बाबांचं दोन गल्ल्या पलीकडच्या केंद्रावर. शेजारच्या काकांचं तर कुठेच नाही. गेल्या विधानसभेला होतं, आता नाही. काका दोन केंद्रं फिरले, तीन पक्षांच्या टेबलांवर याद्या चाळून घेतल्या, मग घरी येऊन काही न बोलता जेवायला बसले. माणूस एकदाही मतदान न चुकवणारा, तेही सकाळी पहिल्या तासात.

जुना_गिरगावकर
२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

नाही गेलो. मेगाब्लॉक वगैरे काही नव्हता, खोटं कशाला बोलू. साडेअकराला आंघोळ झाली, मग जेवण, मग जरा पडलो. उठलो तेव्हा साडेचार वाजलेले, मतदान साडेपाचपर्यंत. दहिसरहून एका तासात काय होणार.

फटकळ
२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

म्हणजे धागा काढणारेच गैरहजर. छान.

आकडेमोड्या
२२ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

साडेपंचावन्न टक्के! २०१२ ला जेमतेम ४५ होते. सगळी वर्तमानपत्रं 'मुंबईकर जागा झाला' म्हणतायत. जरा थांबा.

२०१२ ला मतदारयादीत एक कोटी दोन लाखांच्या आसपास नावं होती. यंदा ९२ लाखांच्या घरात आहेत. दुबार, मयत, स्थलांतरित म्हणून नावं गाळली गेली. आता गुणाकार करा. तेव्हा मत दिलं साधारण साडेपंचेचाळीस लाखांनी, काल एक्कावन्न लाखांनी. म्हणजे पाच-साडेपाच लाख माणसं जास्त आली. हे कमी नाही, चांगलंच आहे. पण दहा टक्क्यांच्या उडीतला निम्मा वाटा भागाकारातल्या खालच्या आकड्याचा आहे. यादी छोटी झाली की टक्का आपोआप फुगतो.

आणि परळताईंच्या शेजारचे काका त्या गाळलेल्यांत असतील, तर त्यांचं नाव जाण्यानेही टक्का वाढलाच. हे जास्त खुपतं.

परळची_पोर
२२ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

हे काकांना सांगत नाही मी.

सातासमुद्रापार
२३ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजत आलेत, बायको झोपली, मी चहा टाकलाय. कोणीतरी आकडे टाकत राहा रे, इथे मराठी वाहिन्यांचं प्रक्षेपण अडकतंय.

मीनल_ठाणे
२३ फेब्रुवारी, दुपारी १२:३५

मुंबईत सेना सुसाट. नव्वदीच्या पुढे दाखवतायत. टीव्हीवर गुलाल, ढोल, पेढे.

खाडीपलीकडला
२३ फेब्रुवारी, दुपारी १२:४१

पेढे अजून डब्यातच ठेवा म्हणावं. उपनगरं मोजायची आहेत.

फटकळ
२३ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

भाजप सत्तर. पंच्याहत्तर. आता ऐंशी. मघाशी नाचत होते ते बसलेत, बसले होते ते नाचतायत.

सातासमुद्रापार
२३ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

माझी पहाट व्हायला आली. अंतिम काय?

आकडेमोड्या
२३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

घ्या. शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७, समाजवादी ६, एमआयएम २, अखिल भारतीय सेना १, अपक्ष ५. बेरीज २२७. बहुमताला ११४ लागतात, कोणाकडेच नाहीत.

आता २०१२ शेजारी ठेवा. सेना ७५, भाजप ३१, काँग्रेस ५२, मनसे २८, राष्ट्रवादी १३. सेनेच्या जागा वाढल्या आहेत, हे रडणारे विसरतायत. ७५ वरून ८४, तेही एकटी लढून. भाजप ३१ वरून ८२. पण तेव्हा युतीमुळे भाजपला लढायलाच मोजक्या जागा मिळाल्या होत्या, तेव्हा थेट तुलना जपून करा. खरी तुलना २०१४ च्या विधानसभेशी. तेव्हाही वेगळे लढले, मुंबईत भाजपचे १५ आमदार आले, सेनेचे १४. अडीच वर्षांनी तराजू पुन्हा तिथेच, काटा फक्त दुसरीकडे एक केस झुकलाय.

खरे बुडाले ते काँग्रेस आणि मनसे. निरुपमांनी राजीनामा दिलाच. मनसेचं नाशिकचं गणित तर बघवत नाही, ४० वरून ५.

परळची_पोर
२३ फेब्रुवारी, रात्री ९:५२

दादरचं बोला ना. २०१२ ला मनसेने दादर-माहीममध्ये सेनेला धूळ चारली होती, सेनाभवनाच्या अंगणात. ते शल्य आमच्याकडच्या शाखेत रोज उगाळलं जायचं. आज शिवाजी पार्कात विशाखा राऊत आल्या. आमच्या गल्लीत ८४ चा नाही, दादर परत आल्याचा गुलाल उडाला.

मीनल_ठाणे
२३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

ठाणे: १३१ पैकी सेना ६७. काठावर का होईना, स्वबळावर. राष्ट्रवादी ३४, भाजप २३. सासूबाईंनी चार बटणं चार वेगवेगळ्या पक्षांची दाबली होती, हे आज जेवताना कळलं. "म्हणजे एकजण तरी ओळखीचा निघेल."

खाडीपलीकडला
२३ फेब्रुवारी, रात्री १०:१४

सासूबाईंना आयडी काढून द्या. या धाग्यावर त्यांची गरज आहे.

फटकळ
२३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मुंबई-ठाण्यापलीकडेही बघा. नागपूर १५१ पैकी १०८, नाशिक ६६, पुणे, पिंपरी-चिंचवड, सगळीकडे कमळ. मुंबईच्या दोन जागांसाठी उगाच छाती बडवताय.

आणि त्या दोन जागांतही एक चिठ्ठीने ठरली. प्रभाग २२०, गिरगावाकडचा. सेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांना ५,९४६. आधी बागलकर जिंकल्यासारखे होते, फेरमोजणीत समसमान झाले. मग चिठ्ठ्या टाकून एका लहान मुलीला उचलायला लावली. शहांचं नाव निघालं.

आकडेमोड्या
२३ फेब्रुवारी, रात्री १०:४४

त्या चिठ्ठीचा हिशेब नीट करा. उलटी निघाली असती तर ८४-८२ नव्हे, ८५-८१. एका कागदाच्या कपट्याने अंतर चारावरून दोनावर आणलं. उद्याच्या मथळ्यांतलं 'काँटे की टक्कर' त्या मुलीच्या मुठीतून आलंय.

जुना_गिरगावकर
२३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

माझं नाव २२० च्या यादीत आहे.

सातासमुद्रापार
२३ फेब्रुवारी, रात्री ११:२३

काय सांगता!

फटकळ
२३ फेब्रुवारी, रात्री ११:२६

आता महिनाभर अख्खं गिरगाव हेच सांगत फिरणार. ज्यांनी मत दिलं ते म्हणणार 'माझ्यामुळे बरोबरी झाली', ज्यांनी नाही दिलं ते म्हणणार 'माझ्यामुळे राहिलं'. जरा पडलो म्हणे!

परळची_पोर
२३ फेब्रुवारी, रात्री ११:३५

फटकळ, झालं ना आता. पण गिरगावकरकाका, खरंच विचारते, तुम्ही गेला असता तर कोणाला दिलं असतं? नाव नका सांगू हवं तर.

जुना_गिरगावकर
२४ फेब्रुवारी, रात्री १२:०५

सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही'. सहा वर्षं त्या पत्र्यांकडे बघून कोणत्याही पक्षाचं बटण दाबायला हात गेला नसता. आमच्या चाळीच्या फायलीसाठी सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत बसून झालंय, चहा सगळीकडे चांगला मिळाला.

म्हणजे गेलो असतो तरी ५,९४६ ला ५,९४६ च राहिले असते. हे कळल्यावर झोप लागायला हवी होती. लागत नाहीये.

खाडीपलीकडला
२४ फेब्रुवारी, रात्री १२:११

महाशिवरात्र आहे, तसंही जागरणच.

अप्पा_पार्लेकर
२४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

उशिरा आलो, सगळं वाचलं. पालिकेत एकतीस वर्षं काढली, चौदा जलखात्यात, म्हणून थोडं लांबण लावतो.

मी १९८३ ला लागलो. ८५ ची निवडणूक आठवते. १७० जागा होत्या, सेनेचे ७४ आले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव चाललाय असं खुद्द मुख्यमंत्री वसंतदादा बोलून गेले आणि वारं फिरलं. छगन भुजबळ महापौर झाले. मधली ९२ ची काँग्रेसची पाळी सोडली, तर पुढे सेनाच. त्यामुळे ८२ हा आकडा त्या इमारतीत किती जणांच्या घशाखाली उतरत नसेल, मी कल्पना करू शकतो.

पण तुम्ही सगळे महापौर, महापौर करताय. १८८८ चा कायदा वाचा. कारभाराचा अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौराकडे सभागृहाची घंटा आणि शिवाजी पार्कचा बंगला, तोही आता बाळासाहेबांच्या स्मारकाला चाललाय. पैशाची किल्ली स्थायी समितीत. यंदाचं अंदाजपत्रक ३७ हजार कोटींचं, काही लहान राज्यांनी हेवा करावा असं. ठराविक रकमेपुढचं कुठलंही कंत्राट स्थायीपुढून जातं. नालेसफाईचा घोटाळा, रस्त्यांचा घोटाळा, दोन्ही गेल्या दोन वर्षांत गाजले, आणि ते कागद जिथून गेले ते टेबल कोणाच्या ताब्यात राहणार, खरी मारामारी त्याची. म्हणून ८४ आणि ८२ मधला फरक दिसतो त्याहून मोठा आहे. समित्यांवरचे सदस्य पक्षांच्या संख्येच्या प्रमाणात जातात. एक नगरसेवक इकडचा तिकडे झाला की समितीत खुर्ची हलते. आता अपक्षांचे फोन बघा कसे वाजतात. नगरसेवकांचा गट नोंदवायला बेलापूरला कोकण भवनात जावं लागतं, तिथपर्यंत गाडीत कोण कोण बसतंय ते पाहा.

आणि गिरगावकर, इमारतीची फाईल पालिकेकडे नसणार. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी चाळ असेल तर ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. नगरसेवकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात पत्र देण्यापलीकडे काही नसतं.

जुना_गिरगावकर
२४ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

अप्पा, हे मला सहा वर्षांत एकाही कार्यालयात कोणी सांगितलं नाही. चहा मात्र पाजला.

मीनल_ठाणे
२८ फेब्रुवारी, दुपारी ३:००

काँग्रेस सेनेला पाठिंबा देणार म्हणे? की सेना सरकारमधून बाहेर पडणार? मंत्र्यांचे राजीनामे खिशात आहेत ना?

खाडीपलीकडला
२८ फेब्रुवारी, दुपारी ३:०८

एव्हाना धोब्याकडे जाऊन आले असतील.

फटकळ
४ मार्च, संध्याकाळी ७:४०

झाला पोपट! मुख्यमंत्री फडणवीस म्हणतात भाजप महापौर, उपमहापौर, स्थायी, काहीच लढवणार नाही. विरोधी पक्षनेतेपदही नको. आम्ही 'पारदर्शकतेचे पहारेकरी'. ८२ जण निवडून आले ते पहारा द्यायला. मी मत दिलं होतं ते कारभार करायला.

अप्पा_पार्लेकर
४ मार्च, रात्री ८:३०

फटकळसाहेब, तुमचा राग समजतो, पण खेळी म्हणून बघा. महापौर लढवायचा तर ११४ जमवायचे, म्हणजे सेनेला काँग्रेसच्या दारात ढकलायचं, म्हणजे वरचं सरकार डळमळायचं. दोन खुर्च्यांसाठी मंत्रालय कोण पणाला लावेल? आयुक्त तसाही राज्याचाच. पहारेकऱ्याला पगार नसला तरी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मालकाकडेच आहे.

फटकळ
४ मार्च, रात्री ८:४४

म्हणजे भांडण मतदारांचं, समझोता त्यांचा. आमच्या मजल्यावरच्या सावंतांशी मी महिनाभर बोललो नाहीये त्याचं काय?

परळची_पोर
४ मार्च, रात्री ८:५०

जा, बेल वाजवा. सेनेचे आहेत ना, पेढे तरी मिळतील.

आकडेमोड्या
८ मार्च, दुपारी ३:३०

विश्वनाथ महाडेश्वर महापौर. १७१ मतं. काँग्रेसचे विठ्ठल लोकरे, ३१. भाजपची मतंही सेनेच्याच पारड्यात. उपमहापौर हेमांगी वरळीकर.

महाडेश्वर सांताक्रूझला मुख्याध्यापक होते, आणि प्रभागात अगदी काठावर निवडून आलेले. तिथे पोटापुरती मतं, इथे १७१. ज्या दोन पक्षांनी महिनाभर एकमेकांना माफिया आणि खोटारडे म्हटलं, त्यांनी आज एकाच नावापुढे हात वर केले.

सातासमुद्रापार
८ मार्च, संध्याकाळी ६:०५

फटकळ, सावंतांकडे गेलात का?

फटकळ
८ मार्च, संध्याकाळी ६:४०

गेलो. तेच दार उघडायच्या बेतात होते. पाच मिनिटं कोणीच राजकारणावर बोललं नाही, मग दोघांनी मिळून दोन्ही पक्षांना शिव्या घातल्या. बरं वाटलं.

जुना_गिरगावकर
८ मार्च, रात्री ९:५०

अप्पा, एक विचारायचं होतं. नाव दहिसरच्या यादीत आणायचं तर कोणता अर्ज? इथे एकजण म्हणाला ८अ.

अप्पा_पार्लेकर
८ मार्च, रात्री १०:०५

८अ नव्हे. तो एकाच विधानसभा मतदारसंघात घर बदललं तर. तुम्ही मतदारसंघ बदलताय, नमुना ६ भरा. भाड्याच्या घराचा करार जोडा, एक फोटो लागेल. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते, वेगळं काही करावं लागत नाही. आणि जुन्या पत्त्याचा तपशील न विसरता लिहा, म्हणजे तिकडचं नाव वगळतील. नाहीतर दुबार राहतं.

जुना_गिरगावकर
८ मार्च, रात्री १०:१२

म्हणजे गिरगावातलं जाणार?

अप्पा_पार्लेकर
८ मार्च, रात्री १०:१५

जाणारच. दोन्हीकडे कसं ठेवतील?

जुना_गिरगावकर
११ मार्च, सकाळी ९:२०

नमुना ६ आणलाय. सगळा भरून झाला. जुन्या पत्त्याचा रकाना तेवढा राहिलाय.

आकडेमोड्या
११ मार्च, सकाळी ९:४५

काका, आज उत्तर प्रदेशाचे निकाल आहेत. नवा धागा काढू का?